क्रूस नेमका कसा असायचा?

गुड फ्रायडे जवळ आला की दोन प्रकारचे फॉरवर्ड फिरायला लागतात. एकात येशूच्या मृत्यूचा ‘वैद्यकीय अहवाल’ असतो. खिळा तळहातात नव्हता, मनगटात होता, मृत्यू गुदमरूनच झाला, असं सगळं डॉक्टरी थाटात. दुसऱ्यात म्हटलेलं असतं की क्रूस नव्हताच मुळी, साधा उभा खांब होता आणि आडवं लाकूड चर्चने मागाहून जोडलं. वाचणारा बुचकळ्यात पडतो, कारण दोन्हींत थोडं तथ्य असतं आणि दोन्हींत नको तितकी खात्री.

श्रद्धेचा विषय बाजूला ठेवू. प्राचीन काळी माणसाला क्रुसावर मारायचे म्हणजे काय करायचे आणि ते आज आपल्याला कशावरून कळतं, एवढंच इथे पाहायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगतो. ‘क्रुसाचा खरा आकार कोणता’ हा प्रश्न आपल्याला पडतो, कारण आपण क्रूस पाहतो तो चर्चच्या शिखरावर नाहीतर गळ्यातल्या साखळीत. रोमन शिपायाच्या लेखी ते लाकूड होतं. दोषी माणूस चारचौघांच्या देखत आणि सावकाश मरावा एवढंच त्याला साधायचं होतं. आकाराचं त्याला सोयरसुतक नव्हतं.

सुळावर देणं आणि क्रुसावर देणं एकच ना?

नाही, पण गल्लत होणं साहजिक आहे. आपल्याकडे सूळ महाभारतापासून माहीत आहे. आश्रमात चोर लपले म्हणून राजाच्या माणसांनी मांडव्य ऋषींना सुळावर चढवलं, सुळाचं टोक अंगात राहिलं आणि ते अणीमांडव्य झाले. सूळ म्हणजे अणकुचीदार खांब. तो शरीरात घुसतो. क्रुसावर माणूस बाहेरून बांधला किंवा खिळला जातो आणि लटकत राहतो.

प्राचीन जगात दोन्ही प्रकार होते आणि जुने लेखक त्यांच्यात फारसा फरक करत नाहीत, हीच खरी अडचण. इ.स.पू. ७०१ मध्ये असीरियन राजा सेन्नाखेरिबने लाखीश हे यहुदी शहर जिंकलं. त्या लढाईची कोरीव शिल्पं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि त्यांत सुळावर दिलेली माणसं स्पष्ट दिसतात. इराणचा सम्राट दारयवहुश, म्हणजे डरायस, याने बॅबिलोनच्या बंडानंतर ३,००० प्रमुख माणसांना असंच मारल्याचं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. पण सूळ की क्रूस, हे त्याने वापरलेल्या शब्दावरून ठरत नाही. इ.स.पू. ३३२ मध्ये सिकंदराने टायर शहर पाडल्यावर २,००० लोकांना समुद्रकिनारी लटकवलं, असं कर्टियस रूफस हा रोमन इतिहासकार लिहितो. उत्तर आफ्रिकेतले कार्थेजवाले तर लढाई हरलेल्या स्वतःच्याच सेनापतींना क्रुसावर चढवत.

या जुन्या उल्लेखांतले ग्रीक-लॅटिन शब्द बरेचदा फक्त ‘लटकवलं’ किंवा ‘वर ठोकलं’ एवढंच सांगतात. माणूस तेव्हा जिवंत होता की आधीच मेलेला, हेसुद्धा कळत नाही. एका स्वीडिश अभ्यासकाने २०१० मध्ये आपल्या प्रबंधात हीच संदिग्धता दाखवली, तर ‘येशूला क्रुसावर मारलंच नव्हतं’ अशा बातम्या झळकल्या. तो तसं म्हणालाच नव्हता.

रोमन लोक नेमकं काय करत?

रोमनांपाशी आलं की चित्र बरंच स्पष्ट होतं. आधी फटके. मग आडवी तुळई खांद्यावर देऊन गावाबाहेर धिंड. या तुळईला लॅटिनमध्ये पॅटिब्युलम म्हणतात. जुन्या वाड्याच्या दरवाजाला आतून लावायचा लाकडी अडसर डोळ्यांसमोर आणा, म्हणजे अंदाज येईल. वधाच्या जागी उभा खांब बहुधा आधीच रोवलेला असे. तिथे कपडे उतरवायचे, हात तुळईला बांधायचे किंवा ठोकायचे, तुळई खांबावर चढवायची आणि पाय पक्के करायचे. काही क्रुसांना मध्ये बसायला खुंटी असे. ती दया म्हणून नव्हती. शरीराला टेकू मिळाला की मरण लांबतं.

हे सगळं करायचं कोणी? इटलीत नेपल्सजवळच्या पुतेओली, म्हणजे आजच्या पोझुओली गावात एक शिलालेख सापडला आहे. गावातल्या अंत्यविधीचा ठेका ज्याला मिळेल त्याने काय काय करायचं, याची ती नियमावली. प्रेतं हलवणं हे त्याचं काम आणि गुन्हेगारांना मारणं हेही त्याचंच. एखाद्या मालकाला आपल्या गुलामाला किंवा दासीला स्वखर्चाने क्रुसावर द्यायचं असेल, तर ठेकेदाराने लाकूड, साखळ्या, दोर आणि फटके मारणारी माणसं पुरवायची. मालकाने मजूर, फटके मारणारे आणि मारेकरी यांचे दरडोई चार सेस्टर्शियस मोजायचे. चार सेस्टर्शियस म्हणजे एक दिनार, साधारण मजुराची एका दिवसाची कमाई. अधिकाऱ्याच्या हुकमावरून शिक्षा असेल तर ठेकेदाराने ती फुकट करून द्यायची आणि क्रूस, खिळे, डांबर, मेण, मेणबत्त्या असं सामानही स्वतःच आणायचं. रोमन क्रौर्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, पण मला त्या सगळ्यापेक्षा ही दरपत्रकाची भाषा जास्त अंगावर येते.

ही शिक्षा कोणाला व्हायची?

मुख्यतः गुलामांना, बंडखोरांना, दरोडेखोरांना, आणि रोमन नागरिकत्व नसलेल्या गोरगरिबांना. नागरिकाला क्रुसावर देणं हा भयंकर प्रकार मानला जाई. सिसिलीचा सुभेदार व्हेरेस याने गावियस नावाच्या रोमन नागरिकाला मेसिना इथे क्रुसावर दिलं. मरताना त्याला सामुद्रधुनीपलीकडे आपला मायदेश दिसावा म्हणून क्रूस मुद्दाम इटलीच्या दिशेला उभारला. इ.स.पू. ७० मध्ये व्हेरेसवर खटला भरला तेव्हा सिसेरो या रोमन वक्त्याने या प्रकरणावर रान उठवलं. क्रूस ही सगळ्यांत क्रूर आणि किळसवाणी शिक्षा, असे त्याचे शब्द. मात्र गुलामांना ती मिळते याबद्दल त्याची तक्रार नव्हती, हेही वाचताना सुटू नये.

त्याच्या वर्षभर आधीच स्पार्टाकसचं गुलामांचं बंड मोडलं होतं. पकडलेल्या ६,००० जणांना कापुआ ते रोम या रस्त्यावर क्रुसावर चढवलं, असं अपियन हा इतिहासकार सांगतो. अंतर साधारण २०० किलोमीटर. हिशेब केला तर दर ३३ मीटरला एक माणूस. क्विंटिलियन या रोमन वक्तृत्वशिक्षकाच्या नावावर असलेल्या भाषणांत तर सरळच म्हटलंय की क्रूस उभारायला सगळ्यांत वर्दळीचा रस्ता निवडतात, म्हणजे जास्तीत जास्त लोक पाहतील आणि घाबरतील.

यहुदी प्रदेशात हे नित्याचंच होतं. इ.स.पू. ४ मध्ये व्हारस या रोमन सुभेदाराने २,००० बंडखोरांना क्रुसावर दिलं. येशूला शिक्षा झाली ती याच मालिकेत, आणि ‘यहुद्यांचा राजा’ हा आरोपही राजद्रोहाचाच.

मग आकार कोणता?

सेनेका हा रोमन तत्त्वज्ञ येशूचा समकालीन. तो लिहितो की मला इथे एकाच प्रकारचे क्रूस दिसत नाहीत. कोणी माणसाला खाली डोकं वर पाय करून टांगतं, कोणी गुप्तांगातून खुंट घालतं, कोणी हात तुळईवर ताणून बांधतं. इ.स. ७० मध्ये जेरुसलेमला वेढा पडला होता तेव्हा रोज पाचशे-पाचशे माणसं पकडली जात आणि शिपाई राग आणि गंमत म्हणून त्यांना वेगवेगळ्या अवस्थेत ठोकत. क्रुसांना जागा पुरेना आणि देहांना क्रूस पुरेनात, असं यहुदी इतिहासकार जोसेफस लिहितो. तो त्या वेळी रोमन छावणीतच होता.

आज पुस्तकांत क्रुसाचे जे चार प्रकार छापतात, म्हणजे नुसता उभा खांब, वर आडवं लाकूड असलेला इंग्रजी टी अक्षरासारखा, डोक्यावर खांब थोडा पुढे आलेला नेहमीचा आणि फुलीसारखा, ती वर्गवारी आणि त्यांची लॅटिन नावं रोमन काळातली नाहीत. ती युस्टुस लिप्सियस या विद्वानाने सोळाव्या शतकाच्या शेवटी केली. मांडणी सोयीची आहे, एवढंच. फुलीसारखा क्रूस संत आंद्रियाच्या नावाशी जोडला गेला, स्कॉटलंडच्या झेंड्यावर आला, पण ती परंपरा मध्ययुगातली.

पण खांबच होता, असं काही लोक ठासून सांगतात. त्यांचं काय?

हे म्हणणं आज मुख्यतः ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाचं. त्यांचा आधार असा की क्रुसासाठी वापरलेल्या ग्रीक शब्दाचा होमरच्या काळातला अर्थ ‘उभा खांब’ आहे. ते बरोबर आहे. पण होमर आणि येशू यांच्यात सात-आठशे वर्षांचं अंतर आहे. एवढ्या काळात वस्तू बदलते आणि जुनं नाव तिला चिकटून राहतं.

रोमन काळातल्याच लोकांना विचारलं तर उत्तर बऱ्यापैकी एका बाजूला झुकतं. दुसऱ्या शतकातला विनोदी लेखक ल्युशियन लिहितो की ग्रीक ‘टाऊ’ हे अक्षर पाहूनच जुलमी राजांनी क्रूस बनवला. या अक्षराचा आकार आपल्या टीसारखा. लक्षात घ्या, ल्युशियन ख्रिस्ती नव्हता. उलट ख्रिस्ती लोकांची टिंगल करणारा होता. त्याच शतकातला स्वप्नांचे अर्थ सांगणारा आर्टेमिडोरस म्हणतो की खलाशाला स्वप्नात क्रूस दिसणं शुभ, कारण गलबतही लाकूड आणि खिळ्यांचं असतं आणि डोलकाठी क्रुसासारखी दिसते. गरिबाला तर आणखी शुभ: क्रुसावरचा माणूस उंचावर असतो आणि पुष्कळांचं पोट भरतो. पोट गिधाड-कावळ्यांचं, हे सांगायला नको. ख्रिस्ती लेखकांपैकी बार्नबासच्या नावाचं पत्र टीचा आकार गृहीत धरतं, तर इरेनियस क्रुसाला पाच टोकं मोजतो, दोन उभी, दोन आडवी आणि पाचवं मधलं, ज्यावर माणूस टेकतो.

चित्र हवं असेल तर रोमच्या पॅलेटाइन टेकडीवर जावं लागेल. तिथे १८५७ मध्ये भिंतीवर कोरलेलं एक वात्रट चित्र मिळालं, साधारण इ.स. २०० च्या आसपासचं. क्रुसावर गाढवाच्या तोंडाचा माणूस, समोर हात उंचावलेला एक तरुण आणि खाली मोडक्यातोडक्या ग्रीकमध्ये ‘अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतो’. कोणीतरी आपल्या ख्रिस्ती सोबत्याची खोडी काढली आहे. क्रुसाला आडवं लाकूड स्वच्छ दिसतं. क्रूस रोज पाहणाऱ्या काळातल्या माणसाने तो टिंगलीत काढलाय, आणि टिंगल करणाऱ्याला चर्चची बाजू राखायची गरज नसते.

म्हणजे नुसते खांबही वापरात असणार, पण दोषी माणूस तुळई वाहून नेतो तिथे आडवं लाकूड आलंच. येशूच्या बाबतीत टी की नेहमीचा क्रूस, हे सिद्ध करणारा पुरावा नाही. आरोपाची पाटी ‘डोक्याच्या वर’ लावली होती असं मत्तयचं शुभवर्तमान म्हणतं, म्हणून खांब थोडा वर आलेला असावा असा तर्क करतात. पण टीच्या आकारातही देह खाली लोंबला की डोक्यावर पाटीपुरती जागा उरते.

हाडं काय सांगतात?

१९६८ मध्ये जेरुसलेमच्या उत्तरेला गिवत हा-मिव्तार इथे बांधकाम चालू असताना पहिल्या शतकातल्या थडग्यांची लेणी सापडली. तेव्हाचे यहुदी मृताचं मांस झडल्यावर हाडं दगडी पेटीत भरून ठेवत. एका पेटीवर ‘येहोहानान’ असं नाव आणि आत विशीतल्या पुरुषाची हाडं. त्याच्या उजव्या टाचेच्या हाडातून ११.५ सेंटिमीटर लांबीचा लोखंडी खिळा बाजूने आरपार गेलेला. खिळ्याचं डोकं आणि हाड यांच्यामध्ये लाकडाचा छोटा तुकडा, म्हणजे पाय ओढून सोडवता येऊ नये. खिळ्याचं टोक वाकलेलं. बहुधा लाकडातल्या गाठीवर बसून. टोक वाकल्यामुळे तो निघेना, म्हणून घरच्यांनी तसाच पुरला आणि म्हणूनच तो आपल्यापर्यंत पोचला.

आधी वाटलं होतं की एकाच खिळ्याने दोन्ही टाचा ठोकल्या होत्या. १९८५ मध्ये जो झियास आणि एलिएझर सेकेलेस यांनी हाडं पुन्हा तपासली तेव्हा कळलं की खिळा त्यासाठी फारच आखूड आहे. पाय खांबाच्या दोन बाजूंना एकेक ठोकलेले असावेत. मनगट आणि हातांच्या हाडांवर खिळ्याची खूण नाही, त्यामुळे हात दोरीने बांधले असण्याची शक्यता जास्त. चर्चमधल्या कुठल्याच मूर्तीशी हे चित्र जुळत नाही.

इंग्लंडमध्ये केंब्रिजशायरच्या फेनस्टॅंटन गावी २०१७ च्या उत्खननात निघालेला सांगाडा २०२१ च्या डिसेंबरात जाहीर झाला. पंचवीस ते पस्तीस वयाचा पुरुष, उजव्या टाचेत खिळा. तो खिळा जागेवर कोणाच्या लक्षातही आला नव्हता. प्रयोगशाळेत हाडं धुताना दिसला. उत्तर इटलीतल्या गावेल्लोचा सांगाडा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याच्या टाचेला भोक आहे पण खिळा नाही.

हजारो मारले, मग हाडं एवढीशीच का?

कारणं अगदी साधी आहेत. अनेकांना दोरीने बांधलं जाई, आणि दोरी हाडावर खूण ठेवत नाही. बहुतेक प्रेतं पुरलीच जात नसत. तिथेच कुजत किंवा उघड्यावर फेकली जात. लाकूड सडतं. लोखंड महाग, त्यामुळे खिळे उपटून पुन्हा वापरायचे. शिवाय क्रुसावरच्या खिळ्यात औषधी गुण असतात अशी समजूत होती. रोमन लेखक प्लिनी तापावरच्या उपायांत तो सांगतो आणि यहुद्यांच्या मिश्ना या धर्मनियमांच्या संग्रहातही असा खिळा अंगावर बाळगण्याची चर्चा आहे. म्हणजे येहोहानानच्या टाचेतला खिळा सरळ निघाला असता, तर आज आपल्याकडे तोही नसता.

तळहात की मनगट? आणि मृत्यू कशाने?

मनगटाचा सिद्धांत पिअर बार्बे या फ्रेंच शल्यविशारदाचा. विसाव्या शतकात त्याने कापलेल्या हातांवर प्रयोग करून दाखवलं की तळहातातला खिळा शरीराचं वजन पेलत नाही, मांस फाटतं. पण हात दोरीनेही बांधलेले असतील, खाली खुंटी असेल किंवा पायांवर भार असेल, तर तळहातातला खिळाही टिकतो. फिलिपिन्समध्ये दर गुड फ्रायडेला काही भाविक तळहातांत खिळे ठोकून घेतात आणि थोड्या वेळाने खाली उतरतात.

गुदमरून मृत्यू हाही बार्बेचाच आवडता सिद्धांत. हात वर ताणले की श्वास सोडता येत नाही, म्हणून पायांवर उचकून श्वास घ्यावा लागतो, आणि म्हणूनच पाय मोडले की माणूस लगेच मरतो, असा युक्तिवाद. अमेरिकी वैद्यकीय तपासनीस फ्रेडरिक झुगिबे याने स्वयंसेवकांना पट्ट्यांनी क्रुसावर टांगून पाहिलं, तर त्यांना श्वासाचा त्रास झाला नाही. अर्थात त्यांना कोणी आधी फटके मारले नव्हते आणि उन्हात दिवस दिवस ठेवलं नव्हतं. २००६ मध्ये मॅथ्यू मॅसलेन आणि पिअर्स मिचेल यांनी सगळे सिद्धांत पुराव्याशी ताडून पाहिले आणि एकही सिद्ध होण्याइतका पुरावा नाही असा निष्कर्ष काढला. रक्तस्राव, तहान, आघात, ऊन, जंतुसंसर्ग, श्वास कोंडणं यांपैकी काय आधी गाठेल हे माणसाला कसं टांगलंय त्यावर ठरणार, आणि टांगण्याची एक पद्धत नव्हतीच.

वेळही सारखा नव्हता. येशू काही तासांत मेला हे ऐकून त्याला शिक्षा देणाऱ्या रोमन सुभेदार पिलाताला आश्चर्य वाटलं, असं मार्कचं शुभवर्तमान सांगतं. म्हणजे एरवी जास्त वेळ लागत असणार. जोसेफसने एकदा आपल्या तीन ओळखीच्या माणसांना क्रुसावर पाहिलं आणि सेनापती टायटसला विनवून खाली उतरवलं. वैद्यांनी शिकस्त केली, तरी दोघे दगावले. तिसरा वाचला.

ही शिक्षा थांबली कधी?

चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने ती बंद केली, असं त्याच शतकातला इतिहासकार ऑरेलियस व्हिक्टर नोंदवतो. पुढे तिच्या जागी दुबेळक्यावर गळा अडकवून मारणं आलं, ज्यात मृत्यू लवकर येई. ख्रिस्ती कलेत क्रुसावरचा येशू उघडपणे दिसू लागतो तो यानंतर. रोमच्या सांता सबिना चर्चचा कोरीव लाकडी दरवाजा सुमारे इ.स. ४३० चा. तोवर प्रत्यक्ष क्रूस पाहिलेली पिढी संपली होती. कारागीर ऐकीव माहितीवर काम करत होते, आणि एकच सुबक आकार रूढ व्हायला तेवढं पुरे झालं.

रोमन साम्राज्याबाहेर मात्र क्रूस पूर्ण मेला नाही. जपानमध्ये तो सरकारी शिक्षा म्हणून होता आणि तिथे वसईचा एक माणूस मारला गेला. गोन्सालो गार्सिया, पोर्तुगीज बापाचा आणि स्थानिक आईचा मुलगा, फ्रान्सिस्कन संघाचा बंधू. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तोयोतोमी हिदेयोशीच्या हुकमाने नागासाकीत २६ जणांना क्रुसावर दिलं, त्यांत तो होता. १८६२ मध्ये या सगळ्यांना संतपद मिळालं. त्या जपानी क्रुसाला पायांसाठी खाली दुसरं आडवं लाकूड असे आणि मध्ये बसायला खुंटी. हातपाय दोर आणि लोखंडी कड्यांनी जखडायचे आणि दोन बाजूंनी भाले खुपसायचे. तिथे खिळे नव्हते आणि मरणही दिवसांवर न जाता काही मिनिटांत येई, त्यामुळे फॉरवर्डमधल्या त्या वैद्यकीय अहवालातलं एकही वाक्य वसईच्या या संताला लागू पडत नाही.